उत्तरेकडची खोली

शेवटच्या दिवशीही कीथ चुकीच्याच दारापाशी गेला. एकेचाळीस दिवस झाले होते, तरी या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे हे त्याच्या पायांना पटलं नव्हतं. किल्ली हातात घेऊन तो उजवं दार उघडायचा, आत बसायचा, समोर नुसता कप्पा बघून दोन क्षण गप्प व्हायचा आणि मग आमच्याकडे न बघता उतरून पलीकडे जायचा.

"आज तरी सुधारशील असं वाटलं होतं," लोर्ना म्हणाली.

"तुझ्यासाठी दार उघडत होतो. चांगुलपणाची कदरच नाही कुणाला."

"मग आता लाव ते. वारा आत येतोय."

कीथ हा लोर्नाचा धाकटा भाऊ. जन्मभर त्यानं मेंढ्या कातरल्या, त्यामुळे पाठ वाकलेली आणि तोंड सुटलेलं. लोर्ना आणि मी सहाव्या वर्षापासून शाळेत एका बाकावर बसलो. आता आम्ही दोघी चौसष्टच्या. आमचं गाव रॅनफर्ली, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, समुद्रापासून बरंच आत. तिथे पाऊस कमी, मेंढ्या भरपूर आणि ऊन उत्तरेकडून येतं. तीस वर्षं मी तिथल्या कालव्यांचं पाणी मोजलं. कुठल्या शेताला किती गेलं, कुठे गळलं, कुणी गुपचूप झडप उघडली, हे शोधणं माझं काम होतं. पाणी आपोआप नाहीसं होत नाही. ते कुठेतरी गेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी घेतलेलं असतं. माझा देवाधर्मावर विश्वास नाही, पण यावर आहे.

म्हणून रोज सकाळी पाणी मीच भरायची. त्या दिवशी दहा-दहा लिटरचे दोन डबे काठोकाठ भरले, झाकणं घट्ट पिळली आणि मागच्या सीटच्या पायाशी ठेवले.

चिलीच्या दक्षिणेत चाळीस दिवस हिंडून आदल्या दिवशी आम्ही सरहद्द ओलांडून आर्जेन्टिनात आलो होतो. आता फक्त सव्वाचारशे किलोमीटर उरले होते. कोमोडोरो नावाच्या समुद्रकाठच्या शहरात संध्याकाळी सहापर्यंत भाड्याची गाडी परत द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी विमान. पण लोर्ना आमच्याबरोबर रॅनफर्लीला येणार नव्हती. तिनं घर विकलं होतं. सामान ऑस्ट्रेलियाला, पर्थला तिच्या मुली-नातीकडे पोचलंसुद्धा होतं, आणि लोर्नाही तिथेच जाणार होती, कायमची.

मला तिला एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नकोस, माझ्याकडे राहायला ये. हे एक वाक्य एकेचाळीस दिवसांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

आमच्याकडे मनातलं कुणी तोंडावर बोलत नाही. बोलायचंच झालं तर गाडीत बोलतात. माझ्या वडिलांनी आईचा आजार मला गाडीत सांगितला. माझ्या नवऱ्यानं, ब्रूसनं, लग्नाचं विचारलं तेही गाडीतच, वायपर चालू असताना. दोघांनी समोरच्या काचेकडे बघायचं आणि बोलून टाकायचं. मान वळवायची नाही. मान वळवली की समोरच्याला उत्तर देणं अवघड होतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण दुखऱ्या गुडघ्यामुळे लोर्ना कायम मागच्या सीटवर पाय पसरून बसायची आणि पुढे कीथ असायचा. आतला आरसाही तिसऱ्या आठवड्यात खडीच्या रस्त्यावर गळून पडला होता. कीथ पाच मिनिटं बाजूला झाला तर मला जमेल, असं मी रोज ठरवायची.

गाव संपलं, पिवळी पडलेली पॉपलरची झाडं संपली आणि मग काहीच उरलं नाही. दोन्हीकडे गुडघाभर काटेरी झुडपं, करडी माती आणि सतत एकाच बाजूनं येणारा वारा. कीथ गाडी किंचित वाकडी धरून चालवत होता. तासाभरात समोरून दोन ट्रक आले. आमच्या गावाकडचा प्रदेशही असाच उघडाबोडका आहे, पण तिथे निदान कुंपणं असतात. इथे कुंपणसुद्धा कुणाला घालावंसं वाटलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला इंजिन तापलं. काटा लाल रेघेवर गेला आणि पुढून वाफेचा वास यायला लागला. कीथनं गाडी कडेला घेतली. तिथेच, रस्त्यापासून वीसेक पावलांवर, त्या बाटल्या होत्या.

शेकडो असतील. पाण्यानं भरलेल्या, झाकणं लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. काही उन्हानं पिवळ्या पडलेल्या, काही कालच्या वाटाव्यात इतक्या नव्या. मधोमध कुत्र्याच्या घराएवढी विटांची एक खोपटी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. क्रूस नाही, तसबीर नाही, फुलं नाहीत. वाऱ्यानं सगळं खरवडून नेलं होतं.

"कुत्र्यांसाठी!" कीथ ओरडला.

आम्ही तिघंही हसलो. आमच्याकडे एक काळ असा होता, की लोक अंगणातल्या हिरवळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. कुत्रं तिथे घाण करत नाही म्हणे.

"पन्नास किलोमीटरात कुत्रं दिसलं का तुला?" मी म्हणाले. "इंजिनासाठी आहेत त्या. खिंडीच्या चढावर नाही का आपल्याकडे पाण्याचा डबा असायचा? ज्याची गाडी उकळेल त्यानं घ्यावं आणि परत येताना भरून ठेवावं. चांगली माणसं दिसतात इथली."

"कुणाला तरी विचारू या का?" लोर्ना म्हणाली. ती बाटल्यांच्या जवळ गेली नव्हती.

"कोणाला विचारतेस? त्या झुडपाला?"

आमच्याकडे स्वतःचं वीस लिटर होतं. पण प्यायचं पाणी इंजिनात घालायचं नाही, हा माझा नियम. अर्धा तास इंजिन निवू दिलं, मग मी सहा बाटल्या उचलल्या. उन्हात उभ्या असून त्या विहिरीतून काढल्यासारख्या गार होत्या. सहाही बाटल्या रेडिएटरनं प्यायल्या. बदल्यात मी तिथे बिस्किटांचा एक पुडा ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. रिकाम्या बाटल्या मात्र गाडीत घेतल्या, कारण रस्त्यावर कचरा टाकणं आमच्या हातून होत नाही. परत येताना भरून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्या रस्त्यानं परत येणार नव्हतो.

तिथून पुढे गाडी मी घेतली. दहा मिनिटांत तापमानाचा काटा खाली आला, नेहमीच्या जागी थांबला नाही आणि पार तळाला जाऊन टेकला. कीथनं काचेवर बोटानं टकटक केलं.

"बिघडला. नाहीतर इतकं थंड इंजिन जगात नसेल."

पण हीटरमधूनही गारच हवा यायला लागली. बंद केला तरी पायांशी गारवा राहिला आणि ओल्या मातीचा वास येऊ लागला. त्या प्रदेशात महिनाभर तरी पाऊस झालेला नसावा.

एक वाजता गाडीच्या आडोशाला बसून आम्ही पाव आणि चीज खाल्लं. मी चहासाठी डबा उचलला, तर तो निम्म्याहून हलका होता. सकाळपासून आम्ही फार तर दोन लिटर वापरलं असेल. मी झाकण बघितलं, घट्ट होतं. डब्याचा तळ कोरडा होता. गाडीतली चटई कोरडी होती. खाली वाकून जमीन बघितली, तीही कोरडी.

"कालव्याची साहेबीण कामाला लागली," कीथ म्हणाला. "अगं, तूच कमी भरलं असशील."

"मी कमी भरत नाही."

"म्हातारपण, नायरी. मी रोज चुकीच्या दारात जातो, तू कमी पाणी भरतेस. लोर्ना काय करते ते अजून कळायचंय."

लोर्ना हसली नाही. पुन्हा निघाल्यावर थोड्या वेळानं ती मागून म्हणाली, "आज पाय पसरायला जागा का पुरत नाही?"

"एकेचाळीस दिवस मटण हाणलंस," कीथ म्हणाला. "सीट तेवढीच राहिली."

"गप रे. खरंच सांगते. अंग चोरून बसावं लागतंय."

रस्ता सरळ होता. बऱ्याच वेळानं मला मागून पाणी पिण्याचा आवाज आला. घोटामागून घोट, मध्ये श्वाससुद्धा न घेता, बराच वेळ.

"लोर्ना, जरा पुरवून पी गं. पुढचं गाव लांब आहे."

कीथनं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"झोपलीय ती. तोंड उघडं टाकून. ओरडू नकोस."

मी रस्त्याकडे बघत राहिले. गाडी जुनी आहे, पाइपात हवा अडकली की असे आवाज येतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. येतात तसे आवाज.

तीनच्या सुमाराला रस्त्याखालून एक कोरडा ओढा गेलेला दिसला आणि ओढ्याच्या पात्रात ग्वानाकोंचा कळप, लांब मानेची, तांबूस, उंटाच्या जातीची जनावरं. कीथला फोटो हवा होता. लोर्ना जागी झाली होती, तिला पाय मोकळे करायचे होते. मी गाडी ओढ्याच्या बरीच अलीकडे, वाऱ्याकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाले, तुम्ही जा, मी बसते. दोघं पुढे चालत गेली आणि ओढ्यात उतरून दिसेनाशी झाली.

मी मुद्दामच थांबले होते. लोर्नाचा गुडघा तिला तिथे फार वेळ उभं राहू देणार नव्हता. ती आधी परत येईल, कीथ फोटो काढत बसेल आणि मला पाच मिनिटं मिळतील. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी वाक्य जुळवू लागले. समोर काचेवर दिवसभराचे मेलेले किडे चिकटले होते. पुढे रस्ता, आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. वाऱ्यानं गाडी हलत होती.

मागचं दार उघडलं. वारा आत आला. सीटच्या स्प्रिंगा दबल्या. दार लागलं, अगदी हळू. त्या वाऱ्यात एकेचाळीस दिवसांत एकदाही आमच्यापैकी कुणाकडून दार हळू लागलं नव्हतं, पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा माझं सगळं लक्ष त्या एका वाक्यात होतं. मी काचेवरची नजर हलवली नाही.

"लोर्ना, मला एक बोलायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही."

मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

"पर्थला जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये. माझ्या घरातली उत्तरेकडची खोली रिकामीच आहे. दिवसभर ऊन असतं तिथे, हिवाळ्यातसुद्धा. ब्रूस गेला त्याला सहा वर्षं झाली. मी सकाळी उठल्यावर रेडिओ लावते तो झोपताना बंद करते, नुसतं कुणीतरी बोलत राहावं म्हणून. तू पण गेलीस तर... मला ते घर नको होईल गं. तू ये. पाहिजे तितके दिवस राहा."

वाऱ्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ती रडतेय. मीही रडत होते.

"पाणी आहे?"

आवाज बसलेला होता, कोरडा, घसा खरवडून काढल्यासारखा. मला हसूच आलं. माझ्या पाणी मोजण्याची ती शाळेपासून चेष्टा करत आली होती.

"माझ्याकडे पाणी नसेल? बोअरचं आहे. गार, गोड. कधी आटलं नाही."

"येते."

एवढंच. पण किती हलकं वाटलं मला! इतकी वर्षं हे एक वाक्य बोलायला घाबरले, म्हणून स्वतःचाच राग आला. मी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि पुन्हा काचेतून समोर बघितलं.

ओढ्याच्या काठावरून कीथ वर येत होता.

त्याच्या खांद्यावर हात ठेवून, लंगडत, लोर्ना वर येत होती.

तिचा रुमाल वाऱ्यावर फडफडत होता. ती दीडशे पावलं दूर होती. तिनं मला हात केला.

मी हात केला नाही. मागे वळलेही नाही.

मागे कुणीतरी सावकाश पाणी पीत होतं.

ती दोघं येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते मला सांगता येणार नाही. कीथनं पुढचं दार उघडलं, ते वाऱ्यानं त्याच्या हातातून हिसकलं आणि धाडकन आपटलं. लोर्ना मागे बसली. तेव्हा कुठे मी वळून बघितलं. लोर्ना होती, तिची निळी पिशवी होती आणि पायाशी दोन डबे होते. मी हात लांबवून डबे हलवले. दोन्ही रिकामे होते. झाकणं तशीच, मीच पिळलेली.

"काय झालं?" लोर्नानं विचारलं. "रडलीस की काय?"

"धूळ गेली," मी म्हणाले.

पुढच्या गावात पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर पन्नाशीची एक जाडसर बाई होती. एका हातात माते नावाच्या त्यांच्या कडू चहाचा पेला धरून ती दुसऱ्या हातानं पेट्रोल भरत होती. कीथच्या पायाशी पडलेल्या रिकाम्या बाटल्या तिला दिसल्या. चाळीस दिवसांत मला कामापुरतं स्पॅनिश यायला लागलं होतं.

"या कुठून आणल्या?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर होत्या. आमचं इंजिन तापलं होतं."

तिनं पेला बाजूला ठेवला. "ते पाणी इंजिनाचं नाही, बाई. तिचं आहे. वाटेत तहानेनं मेली ती. म्हणून येणारा-जाणारा तिच्यासाठी ठेवतो. तुमच्याकडे मेलेल्यांना काही ठेवत नाहीत?"

"फुलं ठेवतो."

"फुलांनी तहान भागते का?"

मी विचारलं, आता काय करू? ती माझ्यावर रागावलेली नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. तिनं सहाही बाटल्या स्वतःच्या नळावर धुतल्या, भरल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तिथपर्यंत परत जायला तुम्हाला वेळ नसणार. गावाबाहेर दहा किलोमीटरवर तिचंच दुसरं ठिकाण आहे. तिथे ठेवा आणि माफी मागा. कबूल केलेलं द्यायचं आणि घेतलेलं परत करायचं, बस. एवढ्यावर ती खूश असते."

"मी काही कबूल केलेलं नाही," मी म्हणाले. मग मला उत्तरेकडची खोली आठवली.

ते दुसरं ठिकाण मोठं होतं. तिथे तसबिरी होत्या, मेणबत्त्या होत्या आणि बाटल्यांचा डोंगर होता. मी सहा बाटल्या ओळीत ठेवल्या. कीथ चेष्टा करेल असं वाटलं होतं, पण त्यानं टोपी काढून हातात धरली. मी इंग्रजीत माफी मागितली, मग मोडक्या स्पॅनिशमध्ये मागितली. पाणी घेतल्याबद्दल मागितली. दुसऱ्या गोष्टीबद्दल काय म्हणायचं हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

गाडी सुरू केल्यावर काटा हळूहळू वर आला आणि मधोमध थांबला. हीटर गरम झाला. कीथनं टाळी वाजवली. "पाइपात हवा अडकली होती. म्हटलं नव्हतं मी?" त्यानं म्हटलं नव्हतं, पण मला ते इतकं पटवून घ्यायचं होतं की मी मान डोलावली. लोर्ना तेवढी म्हणाली, "मागे गार लागतंय, कीथ, तू बस तिथे," आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. कीथ मागे गेल्या गेल्या घोरायला लागला. त्या घोरण्याचा मला फार आधार वाटला.

साडेपाचला आम्ही कोमोडोरोच्या समुद्रावर पोचलो. ऊन कलतं होतं, लाटा मातकट होत्या. गाडी ताब्यात घेणाऱ्या माणसाला शोधायला कीथ कागद घेऊन समोरच्या इमारतीत गेला. आम्ही दोघी गाडीत बसलो. एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदाच एका काचेसमोर आम्ही दोघीच होतो.

लोर्ना समुद्राकडे बघत म्हणाली, "तुला एक सांगू? मला वाटलं होतं, या प्रवासात तू मला थांब म्हणशील."

माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"म्हणून तरी बघायचंस." मग जरा वेळानं, "तिकीट बदलता येतं म्हणे. विमान सुटेपर्यंत."

तिनं मान वळवली नाही. आमच्याकडच्या माणसानं याहून जास्त काय बोलायचं? मी तोंड उघडलं.

मागच्या सीटवर कुणीतरी एक घोट घेतला.

मग दुसरा.

घाई नव्हती. घरी पोचलेल्या माणसानं प्यावं तसं. लोर्नाला काही ऐकू आलेलं दिसलं नाही. ती वाट बघत होती, तिच्या हातातला रुमाल तिनं बोटाभोवती गुंडाळून घेतला होता, आणि माझ्या मानेवर ओल्या मातीचा गारवा होता.

मला कळलं. ती खोली मी देऊन बसले होते. होकारही घेतला होता. आता त्या घरात लोर्नाला न्यायचं म्हणजे कुणाच्या शेजारी न्यायचं, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यात लोर्नाइतकी माया मी कुणावर केली नाही, ब्रूसवरही नाही. म्हणून मी तोंड मिटलं.

"नात वाट बघत असेल तुझी," मी म्हणाले. "तू जाच."

लोर्नानं बोटाभोवतीचा रुमाल सोडवला.

"बरं," ती म्हणाली. दार उघडून उतरली आणि लंगडत कीथला शोधायला गेली. विमानतळावर तिनं मला मिठी मारली, पण ती शाळेच्या बाईंना मारतात तशी होती.

रॅनफर्लीला परत आल्यावर मी उत्तरेकडच्या खोलीतला पलंग झाडला, चादर घातली, उशाशी काचेचा जग भरून ठेवला. वेड लागलं म्हणून नव्हे. बोलावलं होतं म्हणून. मी तिथे आजवर काही पाहिलेलं नाही. जग सकाळ-संध्याकाळ भरावा लागतो, एवढंच. रेडिओ मी आता लावत नाही. लावला की त्या खोलीचं दार हळूच मिटतं, आणि घरात आणखीच सुनं वाटतं. माझ्या हाताखाली काम केलेला एक जण दोनदा चहाला येऊन गेला आणि तिसऱ्यांदा यायचं त्यानं टाळलं. घर गार लागतं, म्हणाला. कीथ फोनवर चेष्टा करतो, पण तोही अजून आलेला नाही. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसते, ती खोलीत पिते. आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

लोर्नाचा फोन आला तो जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी. सुरुवातीला आम्ही दोघी हवापाण्याचंच बोललो. मग ती मध्येच थांबली.

"कोण आहे गं तिथे? पाणी पितंय कुणीतरी."

इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नव्हतं. मला आधी बरंच वाटलं.

"पाहुणी आहे," मी म्हणाले. "प्रवासातली ओळख. उत्तरेकडच्या खोलीत असते."

"राहायला आलीय?"

"हो."

मग लोर्नानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं. खरंच बरं झालं. तू एकटी आहेस या विचारानं मला झोप लागायची नाही. जरा फोन दे ना तिला. दोन शब्द बोलते."

"तिला नाही आवडत फोनवर."

"दे गं. एवढ्या लांबून मी काय खाणार आहे तिला?"

लोर्ना हट्टाला पेटली की ऐकत नाही. मी रिसीव्हर टेबलावर, त्या खोलीच्या दाराकडे तोंड करून ठेवला आणि नळापाशी जाऊन उभी राहिले. खिडकीबाहेर कुंपणाच्या तारेवर दव गोठलं होतं. मी पाठ फिरवूनच उभी होते. पाणी पिण्याचा आवाज थांबला होता. मी साठपर्यंत आकडे मोजले, मग रिसीव्हर उचलला. तो गार पडला होता.

"लोर्ना? आहेस ना?"

ती हसत होती, आणि मधूनमधून रडत होती.

"काय झालं? बोलली का काही?"

"बोलली ना. मला तुझ्या तोंडून माझ्याबद्दल जे ऐकायचं होतं, तेच ती तुझ्याबद्दल बोलली," लोर्ना म्हणाली. "म्हणाली, हिला आता मी कुठे जाऊ देत नाही."